टक्केचिन्हामागचा समास

हस्तलिखिताच्या समासात लेखक स्वतःसाठी खुणा करून ठेवतो. छापील पानावर त्या उतरत नाहीत. अक्षरजुळणी संगणकाकडे गेल्यावर या समासाचे काय झाले?

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या हाती ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची, नव्या आवृत्तीची प्रुफे आली. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांची होती. ही मात्र छायाक्षर जुळणीची. तिचे रूप पाहून कनूथ नाराज झाले आणि त्यांनी स्वतःच ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली रचायला घेतली.

टेकमध्ये मजकूर आणि त्याच्या मांडणीच्या आज्ञा एकत्रच टंकतात. ही झाली कच्ची प्रत. तिच्यावरून संगणक पक्के पान तयार करतो. कच्च्या प्रतीत % हे चिन्ह आले, की त्या ओळीचा पुढचा भाग संगणक सोडून देतो. ‘सिद्धतेची तिसरी पायरी पुन्हा तपासावी’ असा शेरा तेथे खुशाल लिहावा. छापील पानाला त्याचा पत्ताही लागत नाही. समास परत मिळाला तो असा!

पण यात एक मेख आहे. ‘५०% विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ असे सरळ टंकले, तर छापून येते फक्त ‘५०’, आणि संगणक चूकही दाखवत नाही. खरे टक्केचिन्ह हवे असेल, तर त्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते.

१९८४ साली कनूथ यांनी एका लेखात याच्याही पुढचा विचार मांडला : संगणकाचा कार्यक्रम मुळात माणसाने वाचण्यासाठी लिहावा. त्यांच्या ‘वेब’ पद्धतीत एकाच लिखाणातून संगणकासाठी एक आणि वाचकासाठी एक, अशा दोन प्रती निघतात. १९८६ मध्ये टेकचा संपूर्ण कार्यक्रम स्पष्टीकरणासह पुस्तकरूपाने निघाला. समासातले शेरे मुख्य मजकुराच्या शेजारी येऊन बसले.

१९९१ साली पॉल गिन्सपार्ग यांनी शोधनिबंधांचे विद्युत भांडार सुरू केले. तेच आजचे ‘अर्काइव्ह’. तेथे पक्क्या निबंधाबरोबर लेखकाने पाठवलेली टेकची कच्ची प्रतही सहसा कोणालाही उतरवून घेता येते. त्यामुळे काढायचे राहिलेले शेरे, गाळलेले परिच्छेद, मनातल्या शंका साऱ्यांना दिसतात. लेखकाला हे अडचणीचे वाटेल. पण निष्कर्षापर्यंत माणूस कसा पोचला, हे बऱ्याचदा तेथेच कळते.

उत्तरपत्रिकेच्या कडेचे कच्चे काम आपण पाहतो, तेही याचसाठी ना?