मागच्या आंसाचें वंगण



आमच्या घरीं वडिलांच्या वेळची एक अॅम्बॅसडर गाडी आहे. कांहीं वर्षांपूर्वीं तिच्या मागच्या आंसांतील तेल बदलण्याची वेळ आली, तेव्हां मी तें काम एका कारखान्याकडे सोंपविलें. त्यांनीं नव्वद नंबरचें गिअर ऑइल भरलें. पावतीवरहि तसेंच लिहिलें होतें, आणि गाडीच्या पुस्तकांतहि नव्वद हाच आंकडा होता. माझें समाधान झालें. परंतु घाटांतले दोन-तीन प्रवास झाले आणि गाडीच्या मागच्या बाजूनें एक बारीक, लांबट सूर येऊं लागला. तो वेगाबरोबर चढे आणि वेगाबरोबर उतरे. आंस उघडून पाहतां क्राऊन व पिनियन या जोडीच्या दांतांवर ओरखडे उमटलेले दिसले. ती जोडी बदलावी लागली. तेलाचा डबा पाहिला, तो खरोखरच नव्वद नंबरचा होता. आणि तरीहि तें तेल या गाडीचें नव्हतें. एका नव्वदांत आणि दुसऱ्या नव्वदांत एवढा फरक कोठून आला, हें शोधूं गेलों, तों शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास हातीं लागला. आज तोच आपणांपुढें मांडावयाचा आहे.

वळणावर गाडीचें बाहेरचें चाक आंतल्या चाकापेक्षां लांबची वाट चालतें. बैलगाडीस याची अडचण भासत नाहीं. तिचीं दोन्ही चाकें सुटीं फिरतात, आणि आंसाला थोडें वंगण मिळालें म्हणजे ती तृप्त असते. परंतु ज्या आंसानें चाकांना शक्ति पोंचवावयाची, त्याला दोन्ही चाकें एकमेकांशीं जखडून चालत नाहीं. हा पेंच ओनेसिफोर पेकर या फ्रेंच यंत्रज्ञानें सोडविला; त्याच्या डिफरन्शियलचें पेटंट १८२८ सालचें आहे. इंग्लंडांत कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनें १८७७ सालीं तीच कल्पना तीनचाकी सायकलीस लावली, आणि कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या पेटंट मोटारींतहि ती होती.

बेंझच्या गाडींत शक्ति साखळीनें चाकांकडे जात असे. १८९८ सालीं लुई रेनो या तरुणानें साखळी काढून टाकली आणि इंजिनाकडून मागच्या आंसापर्यंत एक फिरता दांडा नेला. आतां या दांड्याची गति आंसापाशीं काटकोनांत वळवावयाची होती. त्यासाठीं दांड्याच्या टोंकाला लहान पिनियन आणि आंसावर मोठें क्राऊन चाक, अशी उतरत्या दांतांची जोडी आली. आपल्या कथेचीं मुख्य पात्रें हींच दोन.

प्रारंभीं या जोडीचे दांत सरळ असत. १९०८ ते १९२७ या काळांत फोर्डची मॉडेल टी गाडी दीड कोटीहून अधिक संख्येनें तयार झाली, तिचे दांत असेच होते. असे दांत एकमेकांवर बव्हंशीं लोळत जातात, घसरतात थोडे. त्यांच्यामध्यें जाड खनिज तेलाचा एक थर टिकून राहिला म्हणजे पुरे. मात्र ते वाजत फार. तेव्हां अमेरिकेंतील रॉचेस्टर शहराच्या ग्लीसन कारखान्यानें वक्र दांत कापण्याचीं यंत्रें सिद्ध केलीं, आणि १९१३ सालीं पॅकार्ड गाड्यांत अशी वक्र दांतांची जोडी बसली. आवाज कमी झाला. परंतु तेलाची मागणी बदलली नाहीं.

त्याच रॉचेस्टर शहरांत १८६६ सालीं व्हॅक्यूम ऑइल कंपनी स्थापन झालेली होती. वाफेच्या इंजिनांच्या सिलिंडरांसाठीं तिचें ‘६०० डब्ल्यू’ या नांवाचें एक घट्ट तेल प्रसिद्ध होतें. मोटारवाल्यांनीं तें उचललें आणि मागच्या आंसांत भरलें. आजहि फोर्ड मॉडेल ए सारख्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या तोंडीं हें नांव ऐकूं येतें. पुष्कळांस वाटतें कीं, हा तेलाच्या घट्टपणाचा अंक असावा आणि ‘डब्ल्यू’ म्हणजे हिंवाळा. तसें नाहीं. तें केवळ व्यापारी नांव होतें. आजच्या डब्यांवरील अंकांशीं त्याचा कांहींएक संबंध नाहीं.

खरी क्रांति झाली ती १९२५-२६ सालीं. ग्लीसन कारखान्यानें ‘हायपॉइड’ नांवाची नवी जोडी काढली आणि पॅकार्डनें ती १९२६ सालीं आपल्या गाडींत घातली. तोंपर्यंत पिनियनची मध्यरेषा क्राऊनच्या मध्यरेषेस छेदीत असे. हायपॉइडमध्यें पिनियन मध्याच्या बरेंच खालीं बसविलें. त्यामुळें फिरता दांडा खालीं आला, त्याबरोबर गाडीचा तळ खालीं आला, आणि पूर्वींची उंच गाडी ठेंगणी व डौलदार झाली. शिवाय पिनियन आकारानें मोठें करतां येऊन बळकटीहि वाढली.

परंतु या डौलाची किंमत तेलाला द्यावी लागली. खालीं सरकविलेल्या पिनियनचा दांत क्राऊनच्या दांतावर नुसता लोळत नाहीं. तो प्रचंड दाबाखालीं त्याच्या लांबीनें घासत जातो. चंदन उगाळतांना सहाणेवरचें पाणी जसें पुढें ढकललें जातें, तसा तेलाचा थर येथें पुसला जातो. मग पोलाद पोलादास भिडतें, क्षणभर तापून चिकटतें, आणि पुन्हां सुटतांना पृष्ठभाग फाटतो. माझ्या गाडीच्या दांतांवरचे ओरखडे हेच होते. साधें खनिज तेल कितीहि घट्ट घेतलें, तरी या ठिकाणीं तें हतबल ठरतें.

यावर उपाय सांपडला तो रसायनशास्त्रांत. तेलांत गंधकाचीं संयुगें व शिशाचे साबण मिसळले गेले. दांत जेथें अतिशय तापतो, नेमक्या त्याच ठिकाणीं गंधक लोखंडाशीं संयोग पावून एक पातळ थर निर्माण करतो. हा थर स्वतः झिजतो, पण पोलादास पोलादाशीं चिकटूं देत नाहीं. अशा तेलांस ‘अतिदाब तेलें’ म्हणतात. बाजारांत त्यांना ‘ई. पी.’ म्हणून ओळखतात. पुढें शिसें मागें पडलें आणि गंधकाच्या जोडीस फॉस्फरस आला. या औषधांतील एक महत्त्वाचा घटक समुद्रांतून येत असे. स्पर्म देवमाशाच्या तेलावर गंधकाची क्रिया करून तें यांत वापरीत. १९७० सालीं अमेरिकेनें हा देवमासा नष्टप्राय प्राण्यांच्या यादींत घातला, आणि तेल बनविणाऱ्यांस दुसरे मार्ग शोधावे लागले. आपल्या गाडीचे दांत सुरक्षित राहावेत म्हणून देवमासे मारले जात होते, ही गोष्ट मोटारीच्या सुखांत आपण सहसा आठवीत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, मग सर्वांत जोरदार औषध घातलेलें तेल सर्व जुन्या गाड्यांत भरावें, म्हणजे झालें! नेमकी हीच दुसरी चूक. जो गंधक पोलादास राखतो, तोच तांबें असलेल्या धातूंस बाधतो. कांसें आणि पितळ त्याच्या सहवासांत, विशेषतः उष्णतेंत, काळवंडतात व झिजतात. कांहीं गाड्यांच्या आंसांत क्राऊन चाकच कांशाचें असे आणि त्यास पोलादी स्क्रू-पिनियन फिरवी. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या १९४८ सालच्या २०३ पासून १९६० सालच्या ४०४ पर्यंतच्या गाड्यांत अशी रचना होती. तिला एरंडेलाच्या जातीचें वनस्पतिज तेल मानवत असे. म्हणजे जें एरंडेल आपल्या आजीच्या कपाटांत होतें, त्याच्याच कुळांतील तेल एका सुधारलेल्या मोटारीच्या पोटांत होतें.

आतां डब्यावरची भाषा वाचूं या. तिच्यांत दोन निरनिराळीं विधानें असतात. पहिलें विधान अंकाचें : एस. ए. ई. ९०, १४० किंवा ८० डब्ल्यू-९०. हा अंक केवळ घट्टपणा सांगतो. येथें मात्र ‘डब्ल्यू’ म्हणजे खरोखरच हिंवाळा. इंजिनच्या तेलाचे अंक वेगळ्या मापाचे असल्यामुळें गिअरचें ९० हें इंजिनच्या ४० वा ५० इतकेंच घट्ट असतें. दुसरें विधान अक्षरांचें : जी. एल. १, जी. एल. ४, जी. एल. ५. तें तेलांतील औषधाची मात्रा सांगतें. जी. एल. १ म्हणजे साधें खनिज तेल, जी. एल. ४ मध्यें मध्यम मात्रा, जी. एल. ५ मध्यें कडक हायपॉइड कामासाठीं भरपूर मात्रा. माझ्या अॅम्बॅसडरचा आंस हायपॉइड जातीचा; तिच्यांत भरलेलें तेल अंकानें बरोबर, अक्षरानें चुकीचें होतें. मी अंक वाचला, अक्षर वाचलें नाहीं.

म्हणून जुन्या गाडीच्या मालकानें तेल घेण्यापूर्वीं आपल्या गाडीस तीन प्रश्न विचारावेत. पहिला : तुझे दांत कोणत्या जातीचे? हायपॉइड असल्यास ई. पी. तेल, बहुधा जी. एल. ५, घ्यावें, हायपॉइडपूर्व वक्र वा सरळ दांत असल्यास साधें घट्ट खनिज तेल पुरतें. दुसरा : तुझ्या पोटांत कांसें वा पितळ कोठें आहे? तें असेल तेथें मात्रा सौम्य हवी. याच कारणास्तव आंसासाठीं आणलेलें जी. एल. ५ गिअरबॉक्समध्यें ओतूं नये. तेथें बहुधा पितळी कड्या असतात. तिसरा : तुझ्या डिफरन्शियलमध्यें घर्षणाच्या चकत्या आहेत काय? चाक चिखलांत नुसतें गरगरूं नये म्हणून ही युक्ति १९५६ सालीं पॅकार्डनें प्रथम आणली. अशा आंसाला घर्षण नियमित करणारें आणखी एक द्रव्य लागतें; नाहींतर वळणावर तो खडखडतो.

भरतांना गाडी सपाटीवर उभी असावी. जुनें तेल गाडी थोडी चालवून आणल्यावर, कोमट असतांना काढावें. तें दुधाळ दिसल्यास पाणी शिरलें आहे, आणि सोनेरी चमक दिसल्यास कांसें झिजत आहे, असें समजावें. बहुतेक आंसांत तेल भरण्याच्या छिद्राच्या कांठापर्यंतच भरावयाचें असतें. अधिक भरलेलें तेल सीलमधून वाट काढून ब्रेकच्या ढोलांत जातें.

नवें तें अधिक चांगलें, अशी आपली सहज समजूत असते. आजचें तेल शुद्धतेंत आणि टिकाऊपणांत पूर्वींपेक्षां निःसंशय सरस आहे. परंतु प्रत्येक यंत्र आपल्या काळच्या धातूंचें आणि आपल्या काळच्या दांतांचें बनलेलें असतें. म्हाताऱ्या माणसाचें पथ्य ठरवितांना आपण त्याचें वय आणि प्रकृति पाहतों. तसेंच जुन्या गाडीच्या बाबतींत तिचें जन्मसाल आणि अंतरंग पाहिलें पाहिजे. आमच्या गाडींत नवी जोडी बसली, तिला तिचें तेल मिळालें, आणि तो सूर थांबला. वडिलांच्या वेळची ती जुनी जोडी मात्र आतां माझ्या टेबलावर आहे. तिच्या दांतांवरून बोट फिरविलें म्हणजे मी न वाचलेलें तें एक अक्षर हाताला लागतें.