माणसं सात, खोल्या किती? क्रूझवर मोठ्या कुटुंबाचं बुकिंग करताना

आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोघांची आधीची मुलं मिळून निघालात, तर केबिनचं गणित हॉटेलसारखं नसतं. पैसे, कागदपत्रं आणि मुलांचं मन, तिन्ही सांभाळून बुकिंग कसं करायचं, त्याची ही सविस्तर माहिती.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आजोबांची पंच्याहत्तरी झाली, कुणाचा पुनर्विवाह झाला, की हल्ली 'सगळे मिळून क्रूझला जाऊया' असं ठरतं. बेळगाव-खानापूरकडच्यांना गोवा घाट उतरला की आलाच. बडोदा, इंदूर, हैदराबादची मंडळी मुंबई गाठतात. मुंबई-गोवा-लक्षद्वीप-कोची पट्ट्यात २०२१ पासून कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' फिरते आहे. ज्यांच्याकडे पासपोर्ट आहेत, ते सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या मोठ्या जहाजांकडे वळतात.

घोळ होतो तो पहिल्याच पायरीवर. आपण लॉजवर करतो तसं 'दोन रूम घ्या, बाकीचे खाली गादी टाकून झोपतील' हे जहाजावर चालत नाही.

पाचवी गादी का मिळत नाही

प्रत्येक केबिनची माणसांची मर्यादा ठरलेली असते. बहुतेक केबिन दोघांच्या असतात, काही तिघांच्या, काही चौघांच्या. पाच-सहा जणांच्या केबिन फार थोड्या आणि महाग. ही मर्यादा फक्त पलंगांवरून ठरत नाही. टायटॅनिक १९१२ साली बुडाली आणि १९१४ साली समुद्रातल्या जीवसुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. आजही त्याच कराराच्या पुढच्या आवृत्त्यांवर जहाजं चालतात. जहाजावरच्या प्रत्येक माणसासाठी जीवनौकेत जागा हवी आणि प्रत्येक केबिनला संकटकाळी जमायची जागा नेमून दिलेली हवी.

त्यामुळे कधीकधी चौघांची केबिन रिकामी दिसते, पण तिथे तिसरं-चौथं माणूस घालता येत नाही. त्या भागातल्या जीवनौकेचा कोटा भरलेला असतो. एजंट 'सिस्टीम घेत नाही' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा कारण हेच असतं. मोठ्या कुटुंबाने लवकर बुकिंग करायचं ते यासाठी. रिकाम्या केबिन शेवटपर्यंत मिळू शकतात, पण तीन-चार जणांच्या केबिन आधी संपतात.

तान्ह्या बाळाचंही तसंच. बाळ मांडीवर झोपलं तरी ते एक माणूस धरलं जातं, त्याचं नाव बुकिंगमध्ये लागतं. अनेक परदेशी कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत. फेरी संपेपर्यंत गरोदरपणाचे चोवीस आठवडे उलटणार असतील तर त्या बाईंनाही घेत नाहीत. घरात अशी कुणी असेल तर हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

भाड्याचं गणित

क्रूझचं भाडं माणशी लावतात, पण 'एका केबिनमध्ये दोघं' हे धरून. पहिले दोघं पूर्ण भाडं देतात, मग त्यातलं एक आठ वर्षांचं पोर का असेना. तिसरा आणि चौथा बऱ्याचदा कमी भाड्यात जातो. 'मुलं मोफत' ही जाहिरातही बहुतेक वेळा याच तिसऱ्या-चौथ्या जागेपुरती असते, आणि तेव्हाही बंदर शुल्क आणि कर भरावेच लागतात. एकटं माणूस केबिन घेतं तेव्हा त्याला जवळजवळ दोघांचं भाडं पडतं.

समजा पहिल्या दोघांना माणशी २० हजार आणि तिसऱ्या-चौथ्याला १२ हजार असा दर आहे. (हा आकडा फक्त गणितासाठी घेतला आहे, खरा दर तारखेप्रमाणे बदलतो.) माणसं सात: आजी, आजोबा, नवरा, बायको, नवऱ्याचे दोन मुलगे आणि बायकोची एक मुलगी.

- दोन केबिन, चार आणि तीन माणसं: १ लाख १६ हजार.
- तीन केबिन, तीन, दोन आणि दोन: १ लाख ३२ हजार.
- चार केबिन, दोन, दोन, दोन आणि एक: १ लाख ६० हजार.

दोन आणि तीन केबिनमधला फरक १६ हजारांचा. सातजणांवर वाटला तर माणशी अडीच हजाराच्या आत. तेवढ्यात एक जादा बाथरूम आणि एक जादा दार मिळतं. चौघांच्या केबिनमध्ये बाथरूम एकच, तेही लहान. सकाळी बंदरावर उतरायची घाई असते तेव्हा याची किंमत कळते.

तिसरा-चौथा पलंग म्हणजे बऱ्याचदा भिंतीतून किंवा छतातून खाली येणारा वरचा बर्थ. रेल्वेच्या अप्पर बर्थसारखी शिडी चढावी लागते. गुडघे दुखणाऱ्या आजीला किंवा पाच वर्षांच्या मुलाला तो देऊ नये. सोफा-बेड आहे की वरचा बर्थ, हे विचारूनच केबिन ठरवा.

जोडलेली, शेजारची आणि समोरची

'आम्हाला जवळजवळ द्या' एवढं सांगून भागत नाही. तीन वेगळे प्रकार आहेत.

जोडलेल्या केबिन म्हणजे दोन खोल्यांच्या मध्ये आतून उघडणारं दार. लहान मुलं असतील तर ही उत्तम. जहाजाच्या नकाशावर त्यांना वेगळी खूण असते. त्या थोड्या असतात आणि आधी जातात. तोटा एकच, मधल्या दारातून आवाज येतो. पलीकडे आपलीच माणसं असतील तरच घ्या.

शेजारच्या केबिन म्हणजे नुसत्या बाजूबाजूला, जायचं ते बोळातून. बाल्कनीच्या केबिन असतील तर काही जहाजांवर मधला पडदा उघडून देतात, पण ते गृहीत धरू नका.

समोरासमोरची जोडी बऱ्याच जणांना सुचत नाही. समुद्राकडची खोली एकांना, आणि बोळापलीकडची बिनखिडकीची खोली दुसऱ्यांना. आतली खोली स्वस्त असते. मुलं फक्त झोपायला येतात, त्यांना खिडकीचं काय! समुद्र सगळ्यांनी मिळून मोठ्या खोलीतून बघायचा. 'एम्प्रेस' १९९० साली बांधलेलं जहाज आहे. त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच आहेत, तिथे ही जोडी खिशाला बरी पडते.

'कंपनी देईल ती केबिन' अशी स्वस्त योजनाही असते. जोडप्याला ती ठीक. कुटुंबाने घेतली तर आजोबा एका मजल्यावर आणि औषधांची पिशवी दुसऱ्या मजल्यावर, अशी गत होऊ शकते.

वयस्क माणसांना लिफ्टजवळ, जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर केबिन घ्या. तिथे हेलकावे कमी लागतात. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा पायाखाली नाचगाण्याचा हॉल येत नाही ना, तेही नकाशात बघा. लक्षद्वीपला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान होडीत उतरून जावं लागतं. आजी-आजोबांना ते जमणार नसेल तर त्यांचा तो दिवस जहाजावरच जाणार, हे धरून चला.

कोण कुणाबरोबर झोपणार?

वरच्या उदाहरणातल्या घराकडे पुन्हा बघा. मोठा मुलगा पंधराचा, धाकटा अकराचा, मुलगी तेराची. लग्नाला समजा वर्षही झालेलं नाही. एजंट सरळ म्हणेल, 'तीन मुलं एका खोलीत टाका.' कागदावर सोयीचं दिसतं. पण तेरा वर्षांच्या मुलीला, जिला हे दोघं 'भाऊ' म्हणून अजून सवयीचे झालेले नाहीत, एका बाथरूमच्या खोलीत त्यांच्याबरोबर ठेवणं बरं नव्हे. शिवाय मुलांची वेगळी केबिन असली तरी बहुतेक कंपन्या प्रत्येक केबिनमध्ये नोंदीला एक सज्ञान माणूस मागतात. काही ठिकाणी हे वय १८, काही ठिकाणी २१ धरतात. आईवडील अगदी शेजारी असतील तर काही कंपन्या सूट देतात. ती सूट लेखी घ्या.

तीन केबिनची वाटणी दोन तऱ्हांनी होते. एक: बाप आणि त्याचे दोन मुलगे, आई आणि तिची मुलगी, आजी-आजोबा. पहिल्या दोन केबिन जोडलेल्या घेतल्या की मधलं दार उघडं ठेवून एकच घर होतं. दोन: नवरा-बायको एकत्र, आजीबरोबर नात, आजोबांबरोबर नातू. खर्च दोन्हीकडे तेवढाच.

दुसरी वाटणी आपल्याकडे सहज सुचते, कारण नातवंडं आजीजवळ झोपतात ही आपली रीतच. पण ही आजी त्या मुलीला किती दिवसांची ओळखीची आहे? तिला विचारा. एकटीला, बाजूला घेऊन विचारा. चारचौघांत विचारलंत तर ती 'चालेल' म्हणेल आणि रात्री जागी राहील. मुलग्यांनाही विचारा, कारण आपला बाबा वेगळ्या खोलीत गेला हे त्यांनाही खुपू शकतं. आपण कितीही 'सावत्र' शब्द टाळला तरी मुलं खोल्यांच्या वाटपातून आपली जागा ओळखतात. एकाला बाल्कनी आणि दुसऱ्याला बिनखिडकीची खोली मिळणार असेल तर मध्ये अदलाबदल ठरवून टाका.

प्रत्यक्षात झोपायची जागा बदलली तरी कागदावरची केबिन आणि जमायची जागा तीच राहते. चावीची कार्डं बदलायची असतील तर जहाजावरच्या काउंटरवर सांगून बदला, आणि प्रत्येक मुलाला आपली जमायची जागा पाठ करून घ्या.

नाव जसं कागदावर, तसंच तिकिटावर

आपल्या नावांत वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं. पुनर्विवाहाच्या घरात त्यामुळे एका छताखाली दोन-तीन आडनावं आणि वेगवेगळी मधली नावं असतात. एजंट घाईत सगळ्यांना एकच आडनाव लावून मोकळा होतो आणि मग बंदरावर अडतं. मुलीच्या नावापुढे आधीच्या वडिलांचं नाव असेल तर तिकिटावरही तेच हवं. बाईंचा आधार नव्या नावाचा आणि पासपोर्ट जुन्या नावाचा असेल तर परदेशी फेरीला पासपोर्टचंच नाव चालेल. कर्नाटक-तेलंगणातल्या मंडळींच्या कागदांवर बऱ्याचदा आद्याक्षरं असतात, त्यांनीही अक्षर न् अक्षर ताडून बघावं.

देशातल्या फेरीला सरकारी ओळखपत्र पुरतं. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो कंपनी काढून देते की आपण काढायचा, हे विचारून घ्या.

परदेशी फेरीला मुलांचे पासपोर्ट आधी बघा. अठराच्या आतल्यांचा पासपोर्ट बऱ्याचदा पाच वर्षांचा किंवा अठरा पूर्ण होईपर्यंतचा असतो. डिसेंबर २०१६ मध्ये नियम सैल झाले, तेव्हापासून अर्जात आई किंवा वडील यांपैकी एकाचं नाव पुरतं. दुसऱ्या पालकाची संमती मिळत नसेल तर परिशिष्ट 'सी' भरून अर्ज करता येतो. सिंगापूरहून निघून पुन्हा सिंगापूरलाच उतरायचं असेल तर व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यात नैसर्गिक पालकांमध्ये सावत्र वडील आणि सावत्र आई येत नाहीत. म्हणजे दत्तक घेतलेलं नसेल तर बायकोच्या मुलीसाठी नवऱ्याची सही कायद्याने पालकाची सही होत नाही. गोव्यात कौटुंबिक बाबींना वेगळी नागरी संहिता आहे, तिथल्यांनी स्थानिक वकिलाला विचारावं. व्यवहारात एवढं करा: मुलाबरोबर त्याचा जन्मदाता पालक असू द्या, घटस्फोट झालेला असेल तर ताब्याच्या आदेशाची प्रत घ्या, आणि दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतीपत्र मिळत असेल तर जवळ ठेवा. काही कंपन्या आणि काही देशांचे अधिकारी ते मागतात. औषधोपचाराला संमती कोण देणार, तेही त्यात लिहून घ्या.

पैसे कुणी भरायचे

एकाच्याच कार्डवरून सगळं भरू नका. प्रत्येक घराचं बुकिंग वेगळं करा आणि कंपनीला सगळे बुकिंग क्रमांक एकमेकांशी जोडायला सांगा. त्याने जेवणाचं टेबल आणि वेळ एक मिळते, पण एका घराचं रद्द झालं तर दुसऱ्याचं अडकत नाही. दोघांच्या केबिनमधला एक गळाला तर उरलेल्याला एकट्याचा जादा दर बसू शकतो, हे आधीच सगळ्यांना सांगून ठेवा. नंतरचे रुसवेफुगवे वाचतात.

परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस कापला जातो. तो ज्याच्या पॅनवर कापला त्यालाच आयकर विवरणात वळता करून मिळतो. परदेशी जहाजांवर माणशी रोजची टिपही लागते, बऱ्याचदा मुलांचीसुद्धा. अनेक कंपन्यांत आठ किंवा जास्त केबिन झाल्या की गटाचा दर मागता येतो.

फोन करण्याआधी हे लिहून ठेवा

- प्रत्येकाचं कागदावरचं नाव, जन्मतारीख आणि प्रवासाच्या दिवशीचं वय.
- कोण कुणाबरोबर झोपणार, मुलांना विचारून.
- जोडलेली, शेजारची की समोरची केबिन. नक्की क्रमांक मिळेपर्यंत पैसे भरू नका.
- तिसरा पलंग सोफा की वरचा बर्थ.
- रद्द केल्यास किती तारखेपर्यंत किती पैसे परत.
- जैन, शाकाहारी किंवा पथ्याचं जेवण लागणाऱ्यांची नावं.
- आजी-आजोबांची औषधं त्यांच्याच केबिनमध्ये, हातातल्या पिशवीत.

मोठ्या बॅगा चढताना कंपनीकडे द्याव्या लागतात आणि खोलीत यायला वेळ लागतो. म्हणून शेवटचं कलम सगळ्यात आधी पाळा.