३० जून : मेदविकारावरील तेलाला मान्यता
२०२० : करोनामुळे तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरीला गेल्या; दौंड तालुक्यातील यवत, वरवंडचे मुक्काम सुने राहिले. त्याच दिवशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'ट्रायहेप्टॅनोइन' (डोजोल्वी) हे औषधी तेल मंजूर केले. लांब साखळीच्या मेदाम्लांचे ज्वलन करणारे विकर जन्मतःच सदोष असेल, तर एकादशीचा उपवासही जिवावर बेतू शकतो : रक्तातील साखर घसरते, हृदय व स्नायू दुबळे पडतात. सात कार्बनच्या मेदाम्लाचे हे बिनरंगी तेल त्या सदोष विकराला वळसा घालून ऊर्जा पुरवते. दिवसातून किमान चारदा, दह्यात किंवा लापशीत कालवून घ्यायचे. भांडे स्टीलचे वा काचेचे, थर्माकोलचे चालत नाही. अशा दुर्मीळ आजारांसाठीचे भारताचे धोरण २०२१ चे. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यातील एक उत्कृष्टता केंद्र. शिरूर-दौंडच्या बाळांसाठी खरी निकड आहे ती हा दोष हेरणारी रक्तचाचणी जन्मतःच होण्याची.