कीटकांच्या मागावर सात दशके : पुण्याच्या विषाणू संस्थेची वाटचाल

पावसाळा लागला की पुण्याच्या शनिवार पेठेतील वाड्यांत आणि इमारतींत पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरच्या टाक्या तपासल्या जातात. साठलेल्या पाण्यात वाढणारा एडिस डास डेंगी आणि चिकुनगुन्या पसरवतो, हे आता घरोघरी ठाऊक आहे. रोगाला आवरायचे तर त्याला वाहून नेणारा जीव आधी ओळखला पाहिजे. या अभ्यासाची साधना पेठेपासून थोड्याच अंतरावर, डॉ. आंबेडकर मार्गावर, सात दशकांहून अधिक काळ चालू आहे.

१९५२ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी पुण्यात ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ स्थापन केले. डास, गोचीड, वाळूमाशी यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंचा शोध हा त्याचा मूळ हेतू.

पहिली मोठी कसोटी १९५७ मध्ये आली. त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि आसपासच्या गावांत ताप पसरला. आधी पीतज्वराची शंका आली. पुण्याच्या पथकाने मात्र नवाच विषाणू वेगळा केला आणि ‘हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ ही गोचीड त्याची मुख्य वाहक असल्याचे दाखवले. जंगलात जमिनीवरून कापड ओढून गोचिडी गोळा कराव्या लागत. हे काम जोखमीचे होते. प्रयोगशाळेत काम करतानाही काहींना याच तापाची लागण झाली, तरी अभ्यास थांबला नाही.

१९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांच्या रक्तात आणखी एक विषाणू सापडला. पुढे महाराष्ट्रातील वाळूमाश्यांतही तो आढळला. घरात दडणाऱ्या रोगवाहक कीटकाचे जुने उदाहरण समोर होतेच : ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये मातीच्या भिंतींच्या फटींतील ढेकणासारख्या कीटकाकडून होणारा रोग उलगडला होता. वाळूमाशीही अशाच फटींत आणि गोठ्यांच्या आडोशाला राहते. म्हणून भिंती लिंपणे, फटी बुजवणे आणि कीटकनाशक फवारणे हे दोन्हीकडचे उपाय ठरले.

१९६७ हे वर्ष परीक्षेचे आणि अभिमानाचेही. रॉकफेलर प्रतिष्ठानाने आपले साह्य काढून घेतले आणि खर्चाचा सारा भार संशोधन परिषदेवर आला. त्याच वर्षी के. आर. पी. सिंग यांनी एडिस डासांच्या अळ्यांपासून प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतूनच जपानचे अकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये ‘सी६/३६’ हा वाण निवडला. डेंगीचा विषाणू वेगळा करण्यासाठी तो आजही जगभर वापरला जातो.

१९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुन्याची मोठी साथ आली, तिचा तपास संस्थेने केला. वाढलेल्या कार्याची दखल घेऊन १९७८ मध्ये केंद्राला राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. डासांचे गाढे अभ्यासक टी. रामचंद्र राव, पहिल्या महिला संचालक खोर्शेद पावरी आणि कीटकशास्त्रज्ञ देवेंद्र मौर्य यांच्यासारख्यांनी संस्थेची धुरा वाहिली.

जुने शत्रू परतत राहिले. २००३ मध्ये चांदीपुरा विषाणूने आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात अनेक बालकांचे प्राण घेतले. २००५-०६ मध्ये चिकुनगुन्या पुन्हा फैलावला. २०११ मध्ये गुजरातेत गोचिडीमार्फत पसरणाऱ्या क्रायमियन-काँगो तापाचे निदान संस्थेने केले. पुढच्याच वर्षी पाषाणच्या संकुलात जैवसुरक्षेच्या चौथ्या पातळीची प्रयोगशाळा उभी राहिली. २०१६ मध्ये क्यासनूरचा तोच आजार ‘माकडताप’ म्हणून सिंधुदुर्गात उद्भवला, तर २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातील बेलसर येथे राज्यातील पहिला झिका रुग्ण आढळला. दोन्ही वेळी पुण्याचे पूर्वीचे ज्ञान कामी आले.

या वाटचालीत शास्त्रज्ञांइतकाच वाटा गोचिडी वेचणाऱ्या क्षेत्रसहायकांचा, डासांच्या वसाहती सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांचा आणि तापातही रक्ताचे नमुने देणाऱ्या गावकऱ्यांचा आहे. शनिवार पेठेत आठवड्याला एकदा पिंप रिकामे करून घासून कोरडे ठेवणारे घरही याच कामाला हातभार लावते, कारण अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास तयार व्हायला साधारण तेवढेच दिवस लागतात.