वॉन्टन, शेंगोळे आणि छावणी

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे गाडीवरचे ‘चायनीज’ सर्वांच्या परिचयाचे आहे. वॉन्टन सूप मात्र घरी करून पाहावे. कॅन्टनी लिपीत या नावाची दोन अक्षरे ‘ढग’ आणि ‘गिळणे’ अशा अर्थांची आहेत, हे आम्हां भाषाशिक्षकांना विशेष भावते. पण कुळथाचे शेंगोळे रश्शात शिजतात, कणकेची फळे वरणात. पारीत सारण भरून ती मिटण्याची कला तर मोदकानेच शिकवली. मग परके ते काय?

उल्हासनगर मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये गावाला आजचे नाव मिळाले, आणि त्यांच्या दालपकवानाला कोणी परके म्हटले नाही. १९६२ च्या युद्धानंतर मात्र ईशान्य भारत व बंगालमधील चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबले गेले. पुढे अनेकांनी देश सोडला. मांच्युरियन लोकप्रिय झाले ते त्यानंतर. या छावणीविषयी आपल्या अभ्यासक्रमांत एक ओळही आम्हांला आढळलेली नाही.

करताना पाणी खदखदू देऊ नये. पारी फुटते, सारण सुपात उतरते. उकडीच्या मोदकांवर पोसलेल्या हाताला हे सांगावे लागत नाही.