कायम कामावर

पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्याला ठाऊक असते, की पहिला निवाडा न्यायाधीश करत नाही. तक्रार दखलपात्र की अदखलपात्र, हे ठाणे अंमलदार ठरवतो. रस्त्यावर तर शिपाईच ठरवतो : फेरीवाल्याला दटावून सोडायचे की त्याची गाडी उचलायची, भांडणाऱ्या दोघांना घरी धाडायचे की ठाण्यात आणायचे. साहेब तिथे नसतो. इतर खात्यांत निर्णय वर सरकत जातो. या खात्यात तो सर्वांत खालच्या माणसाला, उभ्या उभ्या घ्यावा लागतो.

ब्रिटिशांना हे पटणारे नव्हते. १९०२-०३च्या फ्रेझर आयोगाने शिपायासाठी पहारा, गस्त, कैदी पोहोचवणे अशी यांत्रिक कामेच योग्य मानली. डोके चालवायचे ते वरच्यांनी. अविश्वास त्याहून जुना. १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम २५नुसार पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नव्हता. त्याला कारणही होते : मद्रास इलाख्यात महसूल आणि पोलीस खात्यांतला छळ १८५५च्याच चौकशीत उघड झाला होता.

डोके नाकारले, शरीर मात्र पुरते ताब्यात घेतले. १८६१च्या पोलीस कायद्यात पोलीस सदैव कामावर आहे असे मानले गेले. स्वातंत्र्यानंतर आपण केलेल्या १९५१च्या मुंबई पोलीस कायद्यातही कलम २८ म्हणून तेच आले. या कलमाच्या भाषेत साधा शिपाईही 'पोलीस अधिकारी' ठरतो. हा मान त्याला नेमका कुठे मिळाला, ते पाहण्यासारखे आहे!

धर्म वीरा यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९च्या पहिल्या अहवालात शिपायाचाच प्रश्न आधी घेतला. दिवसाला दहा ते सोळा तास काम, आठवड्याचे सातही दिवस, असे चित्र त्यात आहे. साहेबांच्या घरची कामे करणाऱ्या 'ऑर्डर्ली' पद्धतीवरही आयोगाने बोट ठेवले. माझ्या मते त्याची मोठी कामगिरी दुसरीच : शिपायाला स्वतःची विवेकबुद्धी वापरावी लागते, तो यंत्र नव्हे, हे त्याने मान्य केले. सोळाव्या तासाला ही विवेकबुद्धी कितपत शाबूत राहते? माझ्या अंदाजाने, तेव्हा लाठी उचलणे हेच सर्वांत कमी विचाराचे काम उरते.

मुंबईत ही कोंडी १९८२मध्ये फुटली. गिरणी संपाला सात महिने झाले होते. गिरणीच्या दाराशी बंदोबस्ताला उभा असलेला शिपाई पुष्कळदा संपकऱ्याच्याच मुलखातला, कोकणातला नाहीतर घाटावरचा असे. कामाचे तास, घरे, वागणूक या तक्रारी घेऊन पोलिसांची संघटना उभी राहिली होती. १८ ऑगस्टला सरकारने तिची मान्यता काढली, पुढाऱ्यांना पकडले. पोलीस वसाहती पेटून उठल्या, संपकरी त्यांना मिळाले, लष्कर बोलवावे लागले. पुढे अनेकजण बडतर्फ झाले. तासांचा प्रश्न शिस्तीच्या फाइलीत गेला.

तो बाहेर काढला देवनार ठाण्यातल्या एका शिपायाने. आठ तासांच्या पाळ्या कशा बसवता येतील, याचा आराखडा त्याने स्वतः मांडला आणि आयुक्तांपर्यंत पोहोचवला. २०१६मध्ये देवनारला प्रयोग झाला, २०१८च्या आरंभी तो शहरातल्या ठाण्यांना लागू झाला. ज्याने डोके चालवू नये असे फ्रेझर आयोगाला वाटत होते, त्याच पायरीवरून हा कागद वर गेला होता.