चपळ मुलांसाठी आरोहण भिंत आणि पार्कूर : पालकांनी लक्षात घेण्याच्या बाबी

घरात क्षणभरही एका जागी न बसणारे, पलंगावरून उड्या मारणारे, खिडकीच्या गजांना लोंबकळणारे मूल हा अनेक शहरी कुटुंबांत काळजीचा विषय असतो. सदनिकांतील अपुरी जागा, वाहनांनी व्यापलेले रस्ते आणि पावसाळ्याचे दीर्घ दिवस यांमुळे अशा मुलांच्या हालचालींना पुरेसा वाव मिळत नाही. छताखालील आरोहण भिंती आणि पार्कूरची क्रीडागृहे हा त्यावरील एक पर्याय असून भारतातील मोठ्या शहरांतही तो आता उपलब्ध आहे. मात्र तेथे मूल कितपत सुरक्षित राहील हे भिंतीच्या उंचीपेक्षा तेथील शिस्तीवर अधिक अवलंबून असते.

पार्श्वभूमी

कृत्रिम भिंतीवरील आरोहणाचा उगम गिर्यारोहकांच्या सरावात आहे. ब्रिटनमधील लीड्स विद्यापीठात डॉन रॉबिन्सन यांनी १९६४ मध्ये उभारलेली भिंत ही या प्रकारातील आरंभीच्या भिंतींपैकी एक मानली जाते. अमेरिकेतील सिएटल येथे १९८७ मध्ये व्यावसायिक आरोहणगृह सुरू झाले आणि त्यानंतर हा खेळ गिर्यारोहकांपुरता मर्यादित राहिला नाही. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये क्रीडा आरोहणाचा प्रथमच समावेश करण्यात आला. भारतात या खेळाचे नियमन नवी दिल्ली येथील इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन ही संस्था करते. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ मध्ये बोल्डरिंगच्या विश्वचषक मालिकेतील स्पर्धा झाल्या होत्या.

पार्कूरचा उगम फ्रान्समधील आहे. जॉर्ज एबेर या नौदल अधिकाऱ्याने धावणे, चढणे, उडी मारणे, तोल सांभाळणे अशा नैसर्गिक हालचालींवर आधारित व्यायामपद्धती विसाव्या शतकाच्या आरंभी मांडली. पुढे पॅरिसजवळील लीस या उपनगरात डेव्हिड बेल आणि त्यांच्या सोबत्यांनी भिंती, कठडे व जिने यांवरून वेगाने मार्ग काढण्याचे तंत्र विकसित केले. ब्रिटनने २०१७ मध्ये पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली, तर आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाची पहिली पार्कूर जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये टोकियो येथे झाली.

भिंतींचे प्रकार

आरोहणगृहात प्रामुख्याने दोन प्रकार आढळतात. बोल्डरिंगच्या भिंती साधारणतः ४ ते साडेचार मीटर उंच असतात. तेथे दोर वापरला जात नाही. खाली जाड गाद्या अंथरलेल्या असतात. दुसऱ्या प्रकारात भिंत अधिक उंच असते आणि आरोहकाच्या कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, वरून आलेला दोर जोडलेला असतो. दोराचे दुसरे टोक जमिनीवर उभ्या असलेल्या प्रशिक्षित व्यक्तीच्या हाती असते. काही ठिकाणी हे काम स्वयंचलित यंत्र करते. पार्कूरच्या दालनात लाकडी ठोकळे, आडव्या दांड्या, उतरत्या फळ्या आणि फोमचे खड्डे असतात.

कमी उंचीची भिंत अधिक सुरक्षित असते, असा पालकांचा समज असतो. प्रत्यक्षात बोल्डरिंगमध्ये प्रत्येक वेळी पडणे थेट गादीवर होते. त्यामुळे घोटा, मनगट आणि कोपर यांच्या दुखापती तेथे संभवतात. दोराच्या भिंतीवर पडण्याचे अंतर अल्प असते. परंतु दोर जोडायचा राहिला किंवा गाठ अपुरी बांधली गेली, तर एकच चूक जिवावर बेतू शकते. स्वयंचलित यंत्राच्या बाबतीत यंत्र बिघडण्यापेक्षा त्याचा आकडा हार्नेसला अडकवण्यास विसरणे हा मोठा धोका समजला जातो.

मुलांना होणारा लाभ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयोगटातील मुलांनी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते तीव्र स्वरूपाचा शारीरिक व्यायाम करावा. आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणाऱ्या हालचालींचाही त्यात समावेश असावा. आरोहण व पार्कूर यांतून या दोन्ही गरजा पूर्ण होऊ शकतात.

शारीरिक श्रमापलीकडेही एक लाभ आहे. नॉर्वेतील संशोधक एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या धाडसी खेळांचे जे प्रकार सांगितले, त्यांत उंची आणि वेग यांना प्रमुख स्थान आहे. भीती वाटणे, थांबणे, अंदाज घेणे आणि मग पुढचे पाऊल टाकणे हा क्रम मूल अशा खेळातून शिकते. घराच्या गच्चीवर हा अनुभव घेणे घातक ठरते. गादी, दोर आणि प्रशिक्षक असलेल्या ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने घेता येतो. मुलाला केवळ थकवण्यासाठी तेथे सोडून दिल्यास मात्र हा लाभ मिळत नाही.

प्रवेशापूर्वी काय पाहावे

पैसे भरण्यापूर्वी पालकांनी १० मिनिटे बाजूला उभे राहून तेथील कामकाज पाहावे. प्रत्येक आरोहणापूर्वी हार्नेसचे बक्कल आणि दोराची गाठ दुसरी व्यक्ती तपासते काय, चढणाऱ्याच्या खाली कोणी उभे राहिल्यास कर्मचारी त्याला तत्काळ दूर करतात काय आणि नवागत मुलांना पडण्याचे तंत्र आधी शिकवले जाते काय, हे तीन प्रश्न महत्त्वाचे आहेत. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास परत फिरणे श्रेयस्कर.

अरुंद कंबर असलेल्या लहान मुलांना कमरेचा हार्नेस निसटण्याचा धोका असतो; त्यांच्यासाठी छाती व खांदे वेढणारा पूर्ण हार्नेस आवश्यक ठरतो. गाद्यांमध्ये फटी नसाव्यात. उडी मारण्याच्या जाळीवर, म्हणजे ट्रॅम्पोलिनवर, एका वेळी एकाच मुलाला सोडले जावे.

मुलाच्या हातातील कडे, अंगठी, गळ्यातील साखळी व पायातील पैंजण घरीच काढून ठेवावेत. अंगठी भिंतीवरील पकडीत अडकल्यास बोटाला गंभीर इजा होऊ शकते. लांब केस बांधावेत, नखे कापावीत आणि खिसे रिकामे करावेत.

पालकांची भूमिका

खाली पडताना दोन्ही पायांवर उतरून गुडघे वाकवावेत, हात छातीशी घ्यावेत आणि पाठीवर लोळण घ्यावी, असे शिकवले जाते. मागे हात टेकण्याची सवय मनगटाला घातक ठरते. शक्य असेल तेव्हा उडी न मारता चढल्या मार्गाने उतरावे.

मूल मध्येच थांबले आणि खाली उतरू म्हणाले, तर त्याला उतरू द्यावे. इतर मुलांशी केलेली तुलना किंवा शिखर गाठण्याचा आग्रह त्याला स्वतःच्या अंदाजाविरुद्ध ढकलतो आणि चुका याच वेळी होतात. पालकांनी भिंतीवरील आपल्या मुलाइतकेच जमिनीवर धावणाऱ्या धाकट्या भावंडाकडेही लक्ष द्यावे. वरून पडणाऱ्या व्यक्तीखाली सापडण्याचा धोका त्यालाच अधिक असतो.

वाढीच्या वयात बोटांच्या हाडांची टोके पूर्णपणे जुळलेली नसतात. त्यामुळे किशोरवयीन मुलांनी अतिशय लहान पकडींवर बोटांनी लोंबकळण्याचा वारंवार सराव टाळावा. बोटाच्या मधल्या सांध्यात दुखणे राहिल्यास आरोहण थांबवून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आरोहणगृह दूर किंवा खर्चिक असल्यास महाराष्ट्रात मल्लखांबाचा पर्याय आहे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुढे आणलेल्या या व्यायामातही पकड, तोल आणि उंचीची जाण यांचे शिक्षण मिळते. भिंत असो वा खांब, गुरुजनांच्या देखरेखीखाली आणि नियम पाळून केलेला सराव हाच चपळ मुलाच्या उत्साहाला योग्य दिशा देऊ शकतो.